भाऊसाहेबांचं खरं वतन

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. छापताना किरकोळ फेरफार केले आहेत.)



पहिल्या रांगेत सर आणि बाई बसल्या आहेत, म्हणून हात आपोआप मागे गेले. साठी उलटली, नातवंडं झाली, तरी बाईंसमोर खिशात हात घालून बोलायची हिंमत अजून होत नाही. आमचे काही मित्र आजही उशिरा आले. पूर्वी विचारलं की ठरलेलं उत्तर असायचं, "सर, राजापेठचं फाटक पडलं होतं." आता पूल झाला, तो बहाणा गेला. नवीन काय सांगायचं ते त्यांनी ठरवून घ्यावं.

स्वागत समितीनं मला बजावून सांगितलं आहे की आठवणी सगळेच सांगतील, तू वऱ्हाडातल्या एखाद्या माणसावर बोल. मी डॉ. पंजाबराव देशमुखांवर बोलणार आहे. अमरावतीकर त्यांना भाऊसाहेब म्हणतात, मीही तसंच म्हणेन. हा विषय का घेतला त्याचं कारण शेवटी सांगतो. त्या कारणाचा संबंध आपल्या खिशाशी आहे, हे आताच सांगून ठेवतो. म्हणजे मधेच चहाला उठायचं की नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं.

आपल्याकडे माणूस आजारी पडला की म्हणतात, "पीडीएमसीत नेलं." पोरगा अकोल्याला शिकायला गेला की "पीकेव्हीत लागला." आपल्या वडिलांच्या पिढीतले शेतकरी दुकानात जाऊन "पीकेव्ही टू" कपाशीचं बियाणं मागायचे. या तिन्ही नावांतला पहिला 'पी' म्हणजे पंजाबराव. आख्खा माणूस आपण एका अक्षरात बसवून टाकला. २७ डिसेंबरला जयंती होते, हार घातले जातात, आणि दुसऱ्या दिवशी ते अक्षर पुन्हा अक्षरच राहतं. म्हणून आज त्या अक्षरामागचा माणूस थोडा उलगडून पाहू.

२७ डिसेंबर १८९८ ला पापळ या गावी त्यांचा जन्म झाला. पापळ आज नांदगाव खंडेश्वर तालुक्यात आहे. वडील शामराव, आई राधाबाई. घर शेतकऱ्याचं. घराण्याचं मूळ आडनाव कदम, देशमुखी वतनामुळे देशमुख.

आता देशमुखी म्हणजे काय, हे इतिहासाच्या तासाला जे मागच्या बाकावर झोपले होते त्यांच्यासाठी सांगतो. देशमुख हा परगण्याचा पिढीजात प्रमुख. गावोगावच्या पाटलांकडून सारा गोळा करायचा, बंदोबस्त ठेवायचा, तंटे मिटवायचे. त्या बदल्यात जमिनी, हक्क आणि मानपान. पुढं १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. साऱ्याचं काम तहसीलदार-कलेक्टरकडे गेलं. देशमुखांकडे काय उरलं? मान उरला. लग्नात पहिला टिळा, पंगतीत पहिलं पान, पोळ्याच्या तोरणाखाली मानाची जोडी. काम गेलं आणि मान राहिला, की माणसाचं जे होतं ते अनेक वाड्यांचं झालं. मानासाठी भांडणं, भांडणासाठी कोर्ट, आणि कोर्टासाठी वावर गहाण.

भाऊसाहेबांपुढेही ती वाट होतीच. ते तिच्यावरून गेले नाहीत, आणि त्याचं कारण मला त्यांच्या शाळेत सापडतं. त्यांचं शिक्षण कसं झालं ते बघा. पापळला प्राथमिक, मग चांदूर रेल्वे, मग कारंजा, मग अमरावती. एका मॅट्रिकसाठी चार ठिकाणं. का? कारण जिथं घर तिथं पुढची इयत्ता नाही. खेड्यातल्या पोराला शिकायचं तर आधी घर सोडावं लागे. म्हणजे शाळेच्या आधी मुक्कामाचा प्रश्न. कोणाकडे राहायचं, कोण जेवू घालणार, रात्री दिवा कोणाचा. देशमुखाच्या पोराची कुठंतरी सोय होत गेली. पण त्याच गावातल्या मजुराच्या पोराचं काय? ते पोरगं चौथीलाच थांबायचं. डोकं कमी होतं म्हणून नव्हे, तर रात्री पाठ टेकायला जागा नव्हती म्हणून.

ही गोष्ट लक्षात ठेवा. भाऊसाहेबांनी पुढं जे जे केलं, त्याचा उगम मला इथंच दिसतो.

मॅट्रिकनंतर पुण्याला फर्ग्युसन कॉलेज, आणि १९२० साली थेट इंग्लंड. एडिंबरो विद्यापीठाची एम.ए., ऑक्सफर्डची डी.फिल. आणि बॅरिस्टरी. पापळच्या पोरासाठी ही झेप मोठी होतीच, पण मला जास्त नवल वाटतं ते विषयाचं. त्यांनी संशोधनासाठी काय निवडलं? वैदिक वाङ्मयातला धर्म. त्या धर्माचा उगम कसा झाला, तो कसा वाढत गेला, यावर प्रबंध लिहिला. पुढं १९३३ साली ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनं तो ग्रंथरूपात काढला.

यात नवल काय, असं आज वाटेल. पण काळ बघा. त्यांच्या जन्माच्या सुमारासच कोल्हापुरात वेदोक्ताचं प्रकरण पेटलं होतं. प्रत्यक्ष छत्रपती शाहू महाराजांना वेदोक्त मंत्रांचा अधिकार आहे की नाही, यावर वाद चालू होता. राजाची ही कथा, तर वऱ्हाडातल्या कुणब्याच्या पोराला कोण विचारतो? त्याच पिढीतला एक शेतकऱ्याचा मुलगा परदेशात जातो, संस्कृतचा अभ्यास करतो आणि वेदांवरच डॉक्टर होऊन येतो. त्यानं कोणाशी भांडण केलं नाही. ज्या दारावर 'तुला इथं काम नाही' असं लिहिलं होतं, ते दार अभ्यास करून उघडलं आणि आत जाऊन बसला.

१९२६ साली ते परत आले. आता त्यांच्याकडे तीन गोष्टी होत्या. घराण्याचा मान, विलायतेची डॉक्टरी आणि बॅरिस्टरीचा काळा कोट. यातली कोणतीही एक गोष्ट घेऊन माणसाला अमरावतीत आयुष्यभर आरामात बसता आलं असतं. वकिली त्यांनी सुरू केलीही. पण त्याच दोन वर्षांत त्यांनी काय काय केलं ते ऐका.

त्यांनी श्रद्धानंद छात्रालय काढलं. डिसेंबर १९२६ मध्ये स्वामी श्रद्धानंदांची दिल्लीत हत्या झाली होती, त्यांचं नाव या वसतिगृहाला दिलं. निरनिराळ्या जातींची खेड्यातली पोरं तिथं एकत्र राहू लागली, एका पंगतीला जेवू लागली. त्या काळात एका पंगतीला जेवणं म्हणजे काय होतं, हे आपल्या आजीला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. अस्पृश्य मानलेल्या मुलाच्या पानाशेजारी आपलं पान, या एका गोष्टीवरून गावं फुटायची, बहिष्कार पडायचे. भाऊसाहेबांनी त्यावर भाषण करत बसण्याऐवजी पोरांना भूक लागलेली असताना शेजारी शेजारी बसवलं.

त्याच सुमारास अंबादेवीच्या मंदिर प्रवेशाचा प्रश्न पेटला होता. अंबादेवी इथून काही लांब नाही. आपण परीक्षेच्या आदल्या दिवशी न चुकता जायचो. नवस बोलायला जाणाऱ्यांत अभ्यास न केलेले जास्त असायचे. पण आपण ज्या दारातून बिनदिक्कत आत जायचो, त्या दारातून १९२७ साली या गावातल्या कित्येक माणसांना आत जाता येत नव्हतं. त्या नोव्हेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमरावतीला आले. इंद्रभुवन थिएटरात त्यांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली. मंदिर प्रवेशाच्या या चळवळीला भाऊसाहेबांनी उघड साथ दिली. देशमुखानं साथ दिली म्हणजे काय झालं, तर मानाचं पान ज्याच्या वाट्याला आलं होतं त्यानंच 'ही पंगत चुकीची मांडली आहे' असं सांगितलं. बाहेरच्यानं सांगणं वेगळं, आणि पाटावर बसलेल्यानं सांगणं वेगळं.

त्याच वर्षी त्यांचं लग्न झालं. विमलाबाई मुंबईच्या, दुसऱ्या जातीच्या. आंतरजातीय विवाह आजही घरात सांगताना आपल्यातल्या काहींचा आवाज खाली जातो. हे १९२७ साल होतं. विमलाबाई लग्नानंतर शिकल्या, कायद्याची पदवी घेतली, आणि पुढं संसदेतही गेल्या. भाऊसाहेबांवर बोलताना त्यांचं नाव एका ओळीत संपवायची आपल्याकडे पद्धत आहे. खरं तर त्यांच्यावर वेगळं भाषण व्हायला पाहिजे. आमच्या मैत्रिणींपैकी कोणीतरी ते पुढच्या मेळाव्यात करावं.

१९२८ साली भाऊसाहेब अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. तिथं त्यांनी दोन कामं केली. सार्वजनिक विहिरी सर्वांना खुल्या केल्या, आणि शिक्षणाचा कर वाढवला. पहिल्या कामाचा राग कोणाला आला असेल ते सांगायला नको. दुसऱ्या कामाचा राग मात्र सगळ्यांनाच येतो, कारण कर कोणालाच आवडत नाही. निवडून आलेला माणूस सहसा कर वाढवत नाही. आणि हा कर द्यायचा होता तो जमीनवाल्यांनी, म्हणजे त्यांच्याच भाऊबंदांनी. पोरं शिकवायची तर पैसा लागेल, आणि तो आपल्याच खळ्यातून येईल, हे आपल्याच माणसांना तोंडावर सांगायचं धाडस त्यांनी केलं.

१९३० साली ते मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारात मंत्री झाले. शिक्षण, शेती, सहकार ही खाती त्यांच्याकडे आली. त्या वेळचा कारभार दुहेरी होता. पोलीस, खजिना, जमीन महसूल ही महत्त्वाची खाती गोऱ्या गव्हर्नरच्या बाजूला, आणि शिक्षण-शेतीसारखी खर्चाची खाती हिंदी मंत्र्यांकडे. जबाबदारी आपली, तिजोरीची किल्ली दुसऱ्याची. तरी त्यांनी देवस्थानांच्या संपत्तीचा हिशेब लागावा आणि ती लोकांच्या कामी यावी यासाठी १९३२ साली विधेयक आणलं. शेतकऱ्यांच्या कर्जासाठी लवाद नेमावेत म्हणून जोर लावला. १९३३ साली या प्रांतात कर्ज-लवादाचा कायदा झाला. सावकार आणि शेतकरी समोरासमोर बसवायचे, मूळ रक्कम किती, व्याज किती चढलं ते पाहायचं, आणि फिटेल असा आकडा तडजोडीनं ठरवायचा, अशी त्याची रीत. कापसाचे भाव तेव्हा जगभरच्या मंदीत कोसळले होते. त्या कायद्यानं सगळी कर्जं मिटली नाहीत. पण सावकाराच्या वहीला कोणीतरी प्रश्न विचारू शकतो, हे वऱ्हाडातल्या कास्तकाराला समजलं.

मंत्रिपद १९३३ पर्यंत चाललं. पण त्याच काळात, १९३२ साली, त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. तिच्या शाळा-महाविद्यालयांतून आज विदर्भभर मुलं शिकतात. या सभागृहात बसलेल्यांपैकी कितीजण पुढं शिवाजीला गेले, हात वर करा. बघा. निम्म्याहून जास्त हात वर आहेत. मंत्रिपद गेलं, संस्था राहिली.

आता जरा लांब जाऊ. पश्चिम आफ्रिकेत जाऊ. घाबरू नका, परत आणतो.

भाऊसाहेबांच्याच पिढीत, तिकडच्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, जोसेफ बोआचे डान्क्वा नावाचे गृहस्थ होऊन गेले. जन्म १८९५ चा, म्हणजे आपल्या भाऊसाहेबांहून तीन वर्षांनी मोठे. घराणं तिथल्या पारंपरिक राजांचं. सावत्र मोठे भाऊ ओफोरी आट्टा हे तर त्या मुलखाचे सर्वोच्च प्रमुख. आपल्याकडच्या देशमुखीहून कितीतरी मोठं वतन म्हणा. हे डान्क्वाही विलायतेला गेले, लंडन विद्यापीठाची डॉक्टरेट घेतली, बॅरिस्टर झाले. त्यांनीही आपल्याच लोकांच्या धर्मावर ग्रंथ लिहिला. अकान लोकांची देवाबद्दलची कल्पना काय आहे, हा त्याचा विषय. परत येऊन राजकारणात पडले. आणि तिथं विद्यापीठ झालंच पाहिजे म्हणून इंग्रज सरकारशी झगडले. १९४८ साली तिथं विद्यापीठ महाविद्यालय सुरू झालं. शेवट मात्र वाईट झाला. देश स्वतंत्र झाल्यावर त्यांच्याच देशाच्या सरकारनं त्यांना तुरुंगात टाकलं, आणि फेब्रुवारी १९६५ मध्ये ते तुरुंगातच वारले. त्यानंतर दोन महिन्यांनी, १० एप्रिल १९६५ ला, भाऊसाहेब दिल्लीत गेले.

या दोघांची गाठ पडली होती, असं मी म्हणत नाही. पण दोघांची आयुष्यं शेजारी ठेवली की एक गोष्ट लख्ख दिसते. त्या पिढीला कळून चुकलं होतं की घराण्याचा मान आता मताच्या पेटीत चालणार नाही. राजकारणातली खुर्चीही टिकणार नाही, ती आज आहे, उद्या नाही, आणि डान्क्वांच्या बाबतीत तर खुर्चीच्या जागी कोठडी आली. मग मागे ठेवायचं काय? दोघांनी दोन खंडांवर एकच उत्तर काढलं: लोकांच्या पोरांना शिकायला जागा.

चला, परत आणलं तुम्हाला.

देश स्वतंत्र होताना भाऊसाहेब घटना समितीत होते. तिथं त्यांनी मागासलेल्या, शेतकरी समाजाच्या बाजूनं सतत आवाज उठवला. नोकऱ्यांत आणि कारभारात खेड्यातल्या बहुसंख्य माणसाला वाटा मिळाला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. पुढं मागासवर्गीयांच्या अखिल भारतीय महासंघाचे ते अध्यक्ष राहिले. १९५२, १९५७ आणि १९६२, अशा तीन निवडणुकांत लोकसभेवर निवडून आले. १९५२ ते १९६२ ही दहा वर्षं केंद्रात शेतीखात्याचे मंत्री होते. १९५५ साली त्यांनी भारत कृषक समाज काढला. जपानी पद्धतीनं भातशेतीची मोहीम त्यांच्याच काळातली. आणि १९५९ च्या डिसेंबरात दिल्लीला जागतिक कृषी प्रदर्शन भरवलं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर तिथं आले होते. वावर सोडून कधी तालुक्याच्या पुढं न गेलेला कास्तकार दिल्लीत परदेशी यंत्रांसमोर उभा राहिला.

आता एक अवघड प्रश्न. आमच्यातलाच एक मित्र, नाव घेत नाही, परवा फोनवर म्हणाला, "पंजाबराव मोठे होते, ते ठीक आहे बापा. पण इतकं करून कास्तकाराचं काय झालं? वऱ्हाडातला शेतकरी आजही फास घेतोच आहे ना?"

मला त्याला गप्प करणारं उत्तर देता आलं नाही, आणि देऊही नये. एका माणसानं, दहा वर्षांच्या मंत्रिपदात, कोरडवाहू कापसाचं कोडं सोडवलं असतं तर बरं झालं असतं. ते सुटलं नाही. पाऊस, भाव, कर्ज या तिन्हींच्या कात्रीत कास्तकार तेव्हाही होता, आजही आहे. पण मी त्याला उलट विचारलं, "तू शेतीतून बाहेर कसा पडलास?" तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "शिकलो म्हणून." कुठं शिकला, कुठं राहिला, ते त्यालाही माहीत आहे, मलाही.

भाऊसाहेब गेल्यानंतरची गोष्ट. विदर्भाला स्वतंत्र कृषी विद्यापीठ हवं, ते अकोल्याला हवं, यासाठी १९६७ साली अकोल्यात आंदोलन पेटलं. ऑगस्टमध्ये गोळीबार झाला, माणसं गेली. आणि २० ऑक्टोबर १९६९ ला अकोल्यात विद्यापीठ उभं राहिलं, त्याला पंजाबरावांचं नाव दिलं. विद्यापीठासाठी रस्त्यावर उतरणारा शेतकरी समाज जगात फार ठिकाणी दिसत नाही. भाव द्या, पाणी द्या म्हणून लोक रस्त्यावर येतात, ते समजतं. पण आम्हाला शिकायची जागा द्या म्हणून लोक रस्त्यावर येतात, तेव्हा समजावं की आधीच्या पन्नास वर्षांत कोणीतरी मशागत करून ठेवली होती.

आता माझं कारण सांगतो.

आपण शाळेत होतो तेव्हा राजापेठेत खोली करून राहणारी पोरं किती होती, आठवतं? एका खोलीत चार पोट्टे, एक स्टोव्ह, कोपऱ्यात रॉकेलचा डबा. गावाहून एस.टी.नं भाकरीचा डबा यायचा. कंडक्टर ओळखीचा असायचा, थांब्यावर आवाज द्यायचा आणि डबा खाली सोडायचा. गाडी चुकली तर त्या दिवशी पोट्टे शेंगदाणे आणि पाण्यावर. सर, तुमच्यापैकी काहींनी अशा पोरांना सणावाराला घरी बोलावून जेवू घातलं आहे. तुम्ही ते विसरला असाल. जेवणारे विसरलेले नाहीत.

आणि आपला एक वर्गमित्र होता. त्याचं नाव मी घेत नाही, कारण त्याला विचारलेलं नाही. गणितात तो आपल्या सगळ्यांच्या पुढं होता. फळ्यावरचं उदाहरण सर लिहीत असतानाच त्याचं उत्तर तयार असायचं. तो ज्या नातेवाइकाकडे राहायचा, त्यांची बदली झाली. दुसरी सोय झाली नाही. नववीच्या मध्यात तो गावी गेला, तो परत आला नाही. आजच्या मेळाव्याच्या यादीत त्याचं नाव नाही, कारण आपण यादी दहावी पास झालेल्यांची केली. तो नापास झाला नव्हता. त्याची फक्त मुक्कामाची जागा गेली.

भाऊसाहेबांना चार ठिकाणी मुक्काम मिळाला म्हणून ते ऑक्सफर्डला पोचले. आपल्या मित्राला एक मिळाला नाही म्हणून तो नववीत थांबला. मधल्या सगळ्या भाषणांचा सार मला तरी एवढाच दिसतो.

आज काय स्थिती आहे? शाळा गावोगावी झाल्या, हे खरं. पण अकरावी-बारावीला, कॉलेजला पोरींना आजही शहरात यावं लागतं. पोरगा कसाबसा कुठंही राहतो. पोरीचं तसं नसतं. शेवटच्या एस.टी.ची वेळ बदलली, तर बाप म्हणतो, "बस झालं शिक्षण." फी माफ असते, पुस्तकंही मिळतात. अडतं ते खोलीभाड्यावर आणि मेसवर.

समितीपुढे एक प्रस्ताव आहे. आपल्या बॅचच्या नावानं शाळेला भव्य प्रवेशद्वार बांधून द्यायचं, त्यावर संगमरवरी पाटी, पाटीवर आपली नावं. वर्गणीही बरीच जमली आहे. ज्या मित्रांनी हे सुचवलं, त्यांनी शाळेवरच्या प्रेमानंच सुचवलं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरी माझी विनंती वेगळी आहे. दाराऐवजी त्या पैशातून दरवर्षी खेड्यातल्या काही मुलींचं खोलीभाडं आणि मेसचा खर्च आपण उचलावा. कोणत्या मुली, ते शाळेतल्या आणि कॉलेजातल्या शिक्षकांनी ठरवावं, आपण ढवळाढवळ करू नये. जात विचारू नये. पोरीला आपल्यासमोर उभं करून सत्कार करू नये, फोटो काढू नये. पैसे सरळ मेसवाल्याला आणि घरमालकाला जावेत. सुरुवात दोनच मुलींपासून झाली तरी चालेल, पण दुसऱ्या वर्षी बंद पडता कामा नये. भाऊसाहेबांनी नुसतं वसतिगृह काढलं असतं आणि दोन वर्षांत मिटलं असतं, तर आज मी त्यांच्यावर बोललो नसतो.

मान हा आपल्यापैकी प्रत्येकाला मिळालेला आहे. कोणी डॉक्टर, कोणी प्राध्यापक, कोणी सरपंच, कोणी मंत्रालयापर्यंत जाऊन आला. आपापल्या गावात गेलो की लोक उठून खुर्ची देतात. ही आपली नवी देशमुखी आहे. तिचं काय करायचं, एवढाच प्रश्न आहे. भाऊसाहेबांना वतन वाडवडिलांकडून मिळालं होतं. त्यांनी मागं ठेवलं ते वतन मात्र त्यांनी स्वतः कमावलेलं, आणि त्याचे वारस सातबाऱ्यावर नाहीत. आत्ता तुम्ही जे हात वर केले होते, ते त्या वारसांचे हात होते.

माझा प्रस्ताव कागदावर लिहून आणला आहे. जेवणानंतर चर्चेला ठेवावा, ही अध्यक्षांना विनंती. विरोध करायचा तर जरूर करा, पण आधी जेवा. पंगत एकच आहे, आणि आज वांग्याची भाजी, वरण आणि पोळी आहे.